डोळे तपासा म्हणून किती ओरडायचं, आणि कुठं?

खामलेकर

मागच्या वर्षी मारबतीला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक निघते ती) बाबांना घेऊन इतवारीत उभा होतो. दरवर्षीचीच जागा, एका बंद दुकानाच्या ओट्यावर. पिवळी मारबत वळणावर आली आणि त्याच वेळी बाबांच्या उजव्या डोळ्यात काहीतरी गेलं. डोळा मिटून ते चोळत राहिले. दोन मिनिटांनी मला विचारतात, "मारबत गेली का रे पुढं?"

मारबत आमच्यासमोर होती. घराएवढी. भोवती पोट्टे नाचत होते, "घेऊन जा गे मारबत" चाललं होतं. उजवा डोळा मिटला होता आणि डाव्यानं त्यांना नुसता पांढुरका पडदा दिसत होता.

मोतीबिंदू, पुरता पिकलेला. कधीपासून, ते बाबांनाही सांगता येईना. रोज दोन पेपर वाचायचे, शब्दकोडं सोडवायचे, स्कूटरवर कॉटन मार्केटला जायचे (हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो). सगळा गाडा उजवा डोळा एकटा ओढत होता. ऑपरेशन झालं, आता छान दिसतं. धागा त्यासाठी नाही.

बाबा म्हणजे माध्यमांचं एक नंबरचं गिऱ्हाईक. आकाशवाणी, दूरदर्शन, पेपर आणि आता मोबाईल. आपल्याकडे अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला, म्हणजे बाबांच्या नोकरीच्याच वयाचा. 'डोळ्यांची नियमित तपासणी करा' हे वाक्य त्यांच्या कानावरून शेकडो वेळा गेलं असणार. मी तसं म्हणालो तर म्हणतात, "अरे, ते ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी होतं ना. मला तर दिसत होतं."

यंदा गणपतीत आमच्या मंडळानं तपासणी ठेवली. दहा बाय सहाचा फ्लेक्स लावला, पाचशे पत्रकं वाटली, ओळखीतले एक चष्मेवाले मशीन घेऊन आले. आले अकरा जण, त्यातले सात मंडळाचेच. फ्लेक्सवरच्या 'नेत्र तपासणी शिबिर'पेक्षा खाली ओळीनं छापलेले कार्यकर्त्यांचे फोटो मोठे होते, हेही कबूल करतो.

तर प्रश्न असा: रेडिओ, पेपर, टीव्ही, मोबाईल, भोंगा, काहीही धरा. नागपुरात लोकांना डोळे तपासायला घराबाहेर काढायचं तर काय चालेल?

तर्री_पोहा

भाऊ, ज्याले दिसत नाही त्याच्यासाठी फ्लेक्स लावला, आन् आता इचारून राहिले लोकं काहून नाही आले. 😀

मध्यमलहरी

तर्री_पोहा यांनी एका ओळीत सांगितलं ते आमच्या खात्यात कित्येक बैठकांत कुणी बोललं नव्हतं.

मी आकाशवाणीत होतो, आता निवृत्त. आपलं नागपूर केंद्र १९४८चं. ५८५ किलोहर्ट्झवर आवाज विदर्भात लांबवर जायचा. आरोग्याचं भाषण हा आठवड्याचा ठरलेला रतीब होता. डॉक्टर यायचे, सात-आठ पानं लिहून आणायचे, 'नेत्रपटल', 'दृष्टिपटल', 'प्रतिबंधात्मक उपाययोजना' वाचायचे आणि जायचे. पत्र यायचं नाही. एकदा एका डॉक्टरांचा घसा बसला म्हणून त्यांच्याकडच्या नर्सबाई ऐनवेळी बोलल्या. कागद नव्हता. त्या एवढंच म्हणाल्या की, बायांनो, तांदूळ निवडायची थाळी स्वयंपाकघरातून खिडकीत आली आणि खिडकीतून अंगणात आली, तर दोष उजेडाचा नाही, डोळ्यांचा आहे. त्या आठवड्यात पत्रं आली. अनेक नातवंडांच्या हस्ताक्षरात होती, कारण आजीला लिहिताना ओळ दिसत नव्हती.

मला यावरून जे कळलं ते असं की डोळ्यांबद्दल सांगायचं तर डोळ्यांचं नाव काढू नये. थाळीचं सांगावं, सुईचं सांगावं, जिना उतरताना शेवटची पायरी पायानं चाचपावी लागते त्याचं सांगावं.

खामलेकर

थाळीचं वाचून उठलो आणि आईकडे बघितलं. ती गॅलरीत बसून मटार सोलते आहे. मटार गॅलरीत कधीपासून?

काजळरेघ

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारी, रोज हेच करते, त्यामुळे जरा लांबण लागेल.

'डोळे तपासा' या दोन शब्दांत आपण निदान तीन वेगवेगळी माणसं कोंबतो. पहिला चाळिशीचा. त्याला जवळचं दिसत नाही हे त्याला पक्कं माहीत असतं, कारण पेपर धरायला हात पुरत नाही. आपल्या भाषेत तर त्या वयाचं आणि चष्म्याचं नाव एकच आहे. त्याला माहिती नको, चष्मा हवा. दुसरा मोतीबिंदूचा, म्हणजे खामलेकरांचे बाबा. हळूहळू धूसर होत गेलं की माणूस त्याला सरावतो. त्यात एक डोळा बरा असला तर कळतच नाही. आणि तिसरा काचबिंदूचा. याचं सगळ्यांत अवघड. बहुतेकदा दुखत नाही, लाल होत नाही, समोरचं अक्षर शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं. नजर कडेनं कुरतडली जाते आणि गेलेली परत येत नाही. औषधानं उरलेली तेवढी राखता येते. साखरेच्या रुग्णांचा डोळ्यातला पडदाही (रेटिना) असाच आतल्या आत बिघडतो, म्हणून त्यांनी वर्षातून एकदा पडदा तपासायचाच, दिसत असलं तरीही.

आता या चौघांना एकच घोषणा कशी लागू पडेल? "नीट दिसत नसेल तर या" म्हटलं की काचबिंदूवाला आणि साखरवाला घरीच बसतो.

२०१५ ते २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वात मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के होता. म्हणजे ज्यावर साधं ऑपरेशन आहे तेच सर्वांत मोठं कारण. माझ्या खुर्चीत बसून लोक मला दोन वाक्यं हमखास ऐकवतात: "पिकू द्या आधी" आणि "हिवाळ्यात करू". दोन्ही जुन्या काळची. आता पिकायची वाट बघायची गरज नाही, उलट फार पिकला तर ऑपरेशन अवघड होतं आणि डोळ्यातला दाबही वाढू शकतो. ऋतूचाही संबंध नाही. एखाद्या जाहिरातीनं ही दोन वाक्यं जरी खोडून काढली तरी मी तिला पूर्ण पैसे देईन.

आणि फ्लेक्स अगदीच टाकाऊ नाही हं. आमचा तपासणीचा तक्ता हर्मन स्नेलेन या डच डॉक्टरांनी १८६२ साली केला. त्यात ६/६ची, म्हणजे निकोप नजरेची ओळ सहा मीटरवरून वाचायची असते आणि ते अक्षर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटरचं असतं. हाच हिशेब वाढवा. तीस मीटरवरून बघायचं असेल तर ६/१२ नजरेच्या, म्हणजे ज्याला दुप्पट मोठं अक्षर लागतं अशा माणसाला साधारण पावणेनऊ सेंटिमीटरचं अक्षर लागतं. बर्डीच्या सिग्नलला लोक थांबतातच. तीस मीटरवर नऊ सेंटिमीटरचे चार आकडे छापा आणि वर मोठ्या अक्षरात लिहा, "खालचे आकडे एकेका डोळ्यानं वाचा." मग ती जाहिरात उरत नाही, तपासणीच होते. आकडेच घ्या, देवनागरी अक्षरात काना-मात्रा-जोडाक्षरांचा गुंता असतो. (मागे बसलेल्यानं करायचं हे, गाडी चालवणाऱ्यानं नाही!)

इतवारीकर

वाचनखूण साठवली. काजळरेघ, असे प्रतिसाद येतात म्हणून इथं येणं होतं.

पोलिओशी तुलना करून बघा. १९९५पासून 'दोन थेंब' घराघरात पोचले, २०१४ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. सगळं श्रेय आपण टीव्हीवरच्या मोठ्या आवाजाला देतो. पण आमच्या गल्लीत मी बूथवर बसायचो, तिथून दिसायचं ते निराळंच. रविवार असायचा, बूथ चाळीस पावलांवर, थेंब पाजायला अर्धं मिनिट. पोराच्या बोटाला शाई लागली की पुढच्या घरातलं पोर रडायचं, मलाही शाई पाहिजे. आणि संध्याकाळी राहिलेल्या घरी बाई स्वतः जायची. टीव्ही फक्त एवढं करायचा की दार उघडल्यावर "हे काय आहे?" असं कुणी विचारायचं नाही.

डोळ्यांच्या बाबतीत आवाज येतो आणि मागून बाई येतच नाही.

हिंगणा_शिफ्ट

मला हा धागाच थोडा एसी खोलीतला वाटून राहिला. राग मानू नका.

मी एमआयडीसीत आहे. वय ४६. मला माहीत आहे माझी जवळची नजर गेली. मापं घ्यायच्या व्हर्नियरवरची रेघ मी आता शेजारच्या पोराला वाचायला लावतो. मला जाहिरातीची गरज नाही. मला गरज आहे ती तपासायला गेलो तर हजेरी न कापण्याची. एकदा गेलो होतो एका मोठ्या दवाखान्यात, नाव घेत नाही. सकाळी आठला चिठ्ठी काढली, बाराला नंबर लागला, म्हणे थेंब टाकून तपासायचं आहे, सोबत माणूस नाही, उद्या या. दोन खाडे कोण देते? मग रस्त्यावरून दीडशेचा चष्मा घेतला, त्यावर चाललं आहे.

जागृती, जागृती करता. जागा झालेला माणूस जाईल कुठं ते आधी सांगा.

तर्री_पोहा

+१. शिफ्टभाऊचं एकदम बराबर.

काजळरेघ

हिंगणा_शिफ्ट, राग कसला. माझ्या प्रतिसादात हेच राहिलं होतं.

तुमच्यासाठी एक गोष्ट. आसामातल्या चहाच्या मळ्यात पानं खुडणाऱ्या, चाळिशीपुढच्या ७५१ मजुरांवर एक अभ्यास झाला, २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना जवळचा चष्मा लगेच दिला, निम्म्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची खुडणी दुसऱ्या गटापेक्षा २१.७ टक्के जास्त वाढली. चष्मा साधा, स्वस्तातला. मला वाटतं आपली जाहिरात चुकीच्या माणसाकडे बघून बोलते. ती कामगाराला "काळजी घ्या" म्हणते. तिनं मालकाला म्हणायला हवं, "तुमचा माल चष्म्यावाचून वाया जातो आहे, शिफ्टच्या आत तपासणी लावा."

रस्त्यावरचा चष्मा जवळच्यासाठी तात्पुरता चालतो, डोळा बिघडत नाही त्यानं. पण त्यात दोन्ही काचांचा नंबर सारखाच असतो आणि मुख्य म्हणजे तुमच्या डोळ्यातला दाब आणि पडदा त्यात कुणी बघितलेला नसतो. ४६ म्हणजे ते बघायचं वय झालं.

वाकडी_मान

विदा (डेटा) विचारायची माझी खोड आहे, म्हणून शोधलं. माध्यमांच्या मोहिमांमुळे लोक आरोग्यसेवा जास्त वापरतात का, याचा कोक्रेननं (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) २००२ साली आढावा घेतला होता. निष्कर्ष साधारण होकारार्थी. म्हणजे ओरडणं अगदीच वाया जात नाही. पण त्यात निरनिराळे आजार होते, डोळ्यांपुरतं त्यावरून छातीठोक बोलता येणार नाही.

बाकी माध्यमांचा प्रभाव बघायचाच असेल तर उलट्या बाजूनं बघा. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर 'पंधरा दिवसांत चष्मा घालवा' दर महिन्याला येतं. डोळ्यात मध घाला, कांद्याचा रस घाला. आमच्या एका काकांनी घातला. चाळिशी व्यायामानं जात नाही, भिंग ताठ झालेलं असतं, हे त्यांना सांगायला माझ्याकडे दोन मिनिटांचा व्हिडिओ नव्हता आणि समोरच्याकडे सात होते.

अवांतर: चाळिशीनंतर लायसन्सच्या नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो. माझ्या दाखल्यावर सही करणाऱ्यानं मान वर केली नाही. माझे डोळे आहेत की नाहीत हेही त्याला ठाऊक नसावं.

निळीशाई

२०२३च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली होती आठवते? महिनाभर पेपरात, चॅनेलवर, रिक्षात एकच विषय. लहान पोरंही गॉगल लावून फिरत होती. आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप बरं होणारं दुखणं ते. त्याची रोज बातमी, कारण ते लाल दिसतं आणि फोटो काढता येतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक दृष्टी दिन असतो, त्याची बातमी कोपऱ्यात आणि फोटोत फीत कापणारे. काचबिंदूचा फोटो कसा काढणार?

मी एका दैनिकात पानं लावते, म्हणून हे स्वतःच्याच पायावर मारून घेतलेलं आहे.

काजळरेघ

साथीची आठवण काढलीत म्हणून सांगते. त्या वेळी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय थेंब नेऊन घालणारे खूप होते. त्यातल्या काही थेंबांत स्टेरॉइड असतं. लाली लगेच उतरते, म्हणून लोक पुढे महिनोन्महिने घालत राहतात आणि आत दाब वाढत जातो. तुमच्या पानावर एवढी चौकट लावता आली तर लावा.

दोन_वेण्या

मोठ्यांचंच चाललं आहे, लहानांचंही बोला.

माझ्या लेकीला दुसरीत असताना चष्मा लागला. बाईंच्या लक्षात आलं, आमच्या नाही. फळ्यावरचं लिहून घेताना ती शेजारणीच्या वहीत बघायची आणि आम्ही तिला 'कॉपी करते' म्हणून रागवायचो. डाव्या डोळ्याला नंबर जास्त होता, तो डोळा आळशी व्हायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, सात-आठ वर्षांच्या पुढे हे सुधारणं कठीण जातं. चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावायचो. ती रडायची आणि मी पदराआड.

पण खरी लढाई नंतर. तिची आजी म्हणाली, "पोरीच्या जातीला आतापासून चष्मा?" शाळेत जाताना चष्मा डोळ्यावर, कोपऱ्यावर वळली की दप्तरात. का, तर टीव्हीवरच्या मालिकांत चष्मेवाली म्हणजे बावळट, तिनं चष्मा काढला की सगळे वळून बघणार. डोळे तपासायची जाहिरात वीस सेकंदांची आणि ही जाहिरात रोज रात्री अर्धा तास. एखाद्या मालिकेतल्या नायिकेला नुसता चष्मा असू द्या. त्यावर कथा नको, कुणी तो काढायलाही नको. भाजी चिरताना वाफेनं काच धुरकटली, पदरानं पुसली, पुढे चालू.

मध्यमलहरी

दोन_वेण्या, शेवटची दोन वाक्यं कुठल्याही पटकथालेखकानं चिकटवून ठेवावीत अशी आहेत.

वैनगंगाकाठ

राहतो नागपुरात, गाव गडचिरोलीकडे. आमच्याकडे धान निघालं की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, दिवाळीपासून पार होळीपर्यंत. रात्रभर चालतात, आजूबाजूच्या गावांतून माणसं येतात, आजीबाई शाल पांघरून सगळ्यात पुढं. पुढं का बसते विचारलं तं म्हणते, ऐकू येत नाही. ऐकू चांगलं येते तिला, दिसत नाही. मधल्या वेळेत आयोजक माईकवर हरवलेल्या पोरांची नावं घेतात. तिथंच नटानं, त्याच वेशात, दोन वाक्यं बोलली तर ती माणसं हलतील. मंत्र्याचं भाषण तिथं ऐकत नाही कोणी, राजाचं ऐकतात.

तर्री_पोहा

मंग मारबतीत एक बडग्या काढा ना, मारबतीसंगं निघते तो पुतळा. महागाईचा निघते, भ्रष्टाचाराचा निघते. दोन्ही डोळ्यांवर फ्लेक्स बांधलेला बडग्या. "चष्म्याची लाज घेऊन जा गे मारबत!" खामलेकर, बाबांना पुढं चालवा.

खामलेकर

बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, वाचून कशाला दाखवतोस, आण इकडे, मला दिसतं.

आता कामाचं. दोन दिवस विचार करून असं ठरवलं आहे: फ्लेक्स नाही. आमच्या वस्तीत सकाळी कचऱ्याची गाडी येते, भोंगा असतोच, बाया-माणसं दारात असतातच. गाणं दीड मिनिट थांबवून आमचा आवाज लावू द्याल का, असं विचारलं, महापालिकेचे झोनवाले हो म्हणाले आहेत. आठवडाभर रोज, आणि रविवारी समाजभवनात तपासणी. इतवारीकरांचं ऐकून शनिवारी दोघी-दोघी घरोघर जाणार. हिंगणा_शिफ्टसाठी वेळ संध्याकाळीही ठेवली आहे. मसुदा असा, फोडून काढा:

"मावशी, काका, बादली ठेवा खाली. डावा डोळा झाका. समोरच्या घराचा नंबर वाचा. आता उजवा झाका. परत वाचा. दोन्हीनं सारखं दिसलं? नसंल दिसलं तर रविवारी समाजभवनात या. आणि साखर असंल, नाही तर घरात कोणाला काचबिंदू असंल, तर सारखं दिसलं तरी या. सकाळी दहा ते एक, संध्याकाळी पाच ते आठ. पैसे लागत नाही. मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका."

काजळरेघ

छान. तीन दुरुस्त्या. 'तळहातानं झाका' म्हणा, लोक बोटांनी डोळा दाबतात आणि मग तोच डोळा तपासताना काही वेळ अंधुकच दिसतं. बोटांच्या फटीतूनही बघतात. दुसरं, 'चष्मा असेल तर लावूनच पाहा'. तिसरं, बाहुली मोठी करायचे थेंब टाकले तर काही तास धूसर दिसेल, 'गाडी चालवत येऊ नका, सोबत कोणी आणा' हे घालाच, नाहीतर शिफ्टभाऊंसारखं 'उद्या या' म्हणायची वेळ येईल. मी रविवारी संध्याकाळची पाळी घेते.

मध्यमलहरी

वाक्यांमध्ये जागा सोडा. "वाचा" म्हटल्यावर चार सेकंद पूर्ण गप्प. भोंग्यावर गप्प बसायची लोकांना भीती वाटते, पण त्या चार सेकंदांतच तो माणूस वाचणार आहे. आवाज बाईचा घ्या, वस्तीतलीच, थोडी दटावणारी.

हिंगणा_शिफ्ट

पाच ते आठ चालते मला. साडेसहाला येतो. आमच्या लाइनचे अजून तिघं आहेत, चालतील का?

खामलेकर

तिघं काय, अख्खी लाइन आणा. आवाज आई देणार आहे. दटावणं शिकवावं लागणार नाही.

निळीशाई

खामल्याला नळ किती वाजता येतात? आमच्याकडे कचऱ्याची गाडी आणि नळ एकाच वेळी. तेव्हा भोंग्यावर साक्षात देव बोलला तरी कुणी बादली खाली ठेवणार नाही.

खामलेकर

अरे देवा. सातला नळ, सव्वासातला गाडी. उद्या झोनवाल्यांना परत गाठतो.